उलट्या बाजूचा हिरवा

प्रिय रंध्या,

या वयात तुला या नावानं हाक मारणारा मी एकटाच उरलो असेन, म्हणून मुद्दाम मारतो. पत्र आधी एकट्यानं वाच, मग वाटलं तर घरच्यांना दाखव. अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम हे जाडजूड पाकीट, म्हणजे म्हाताऱ्याला काहीतरी झालं असणार, असं तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. गुडघे कुरकुरतात, कमी ऐकू येतं आणि त्याचा मी सोयीप्रमाणे फायदा घेतो, एवढंच. बातमी दुसरीच आहे. शहराचा नवा विकास आराखडा आलाय. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने आणि कुठे बागा, हे पुढच्या वीस वर्षांसाठी ठरवणारा तो भलामोठा नकाशा नगररचना कचेरीच्या भिंतीवर लावलाय. मागचाही वीसच वर्षांसाठी होता. चालला एकेचाळीस वर्षं. सरकारी काम, तुला काय सांगायचं. तर मी बघायला गेलो आणि आधी आपली गल्ली शोधली. माझ्या बाजूची चार घरं पिवळी, म्हणजे राहण्याची. समोर तुझं घर आणि मागचं आवार अजून हिरवंच, म्हणजे बागेसाठी राखीव. हा आराखडा कायम झाला की आणखी वीस वर्षं, म्हणजे खरी किती ते देवाला ठाऊक, तुला तिथे ना बांधता येणार ना कुणी ती जागा घेणार. हरकत घ्यायला तीस दिवस असतात. त्यातले नऊ गेले.

तुझ्या घराला कुलूप आहे, पण ते गंजलेलं नाही. मी दर दोन महिन्यांनी तेलाचे दोन थेंब सोडतो त्यात. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मागच्या आवारात रानटी झाडोरा छातीपर्यंत वाढलाय. इतक्या वर्षांत सरकारनं तिथे एक रोप लावलं नाही, बाग जी काय झाली ती आपली आपण झाली. पण सकाळी मी खिडकी उघडतो ना, तेव्हा अजून एखाद्या दिवशी लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आल्यासारखा वाटतो. बायको म्हणते, तुमच्या नाकालाही आता कमी ऐकू येतं. तुझी आई वाळत घातलेले कपडे काढायची तेव्हा आधी झटकायची, आणि चादरीतून भुसा असा उडायचा की आमच्या ओट्यावर माझी आई ओरडायची. मग दोघी अर्धा तास बोलत उभ्या राहायच्या. मी अभ्यासाला म्हणून तुमच्याकडे यायचो आणि अर्धवट झालेल्या टेबलावर वही ठेवून बसायचो. माझं नाव ‘पट्टी’ पडलं ते तिथेच. मला जे दिसेल ते मोजायची खोड. एकदा मी तुझ्या बाबांना म्हटलं, मिस्त्रीकाका, हा पाय सुताभर आखूड आहे. तू दात काढून हसलास. त्यांनी मात्र रंधा खाली ठेवला, पाय मोजला, आणि नवीन पाय कापायला घेतला. त्या दिवसापासून कोणतीही वस्तू गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी ते मला हाक मारायचे. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. माझ्या शब्दावर इतका विश्वास त्यानंतर कुणी ठेवला नाही.

मला कचेरीत आरेखकाची नोकरी लागली तेव्हा तू फळा करून दिलास. आठवतोय ना? नकाशा ताणून लावायचा तो मोठा फळा. कचेरीत फळे होते, पण तू म्हणालास, त्या फुगलेल्या फळ्यांवर काढलेली रेघ सरळ येते का. दोन वर्षं सावलीत मुरवलेलं लाकूड काढलंस, तीन दिवस नुसता रंधा मारत होतास. मी हौसेनं तो कचेरीत नेला. रिटायर झालो तेव्हा परत आणला, आणि आत्ता हे पत्र त्याच्यावरच लिहितोय. अजून तसूभर वाकलेला नाही. उजव्या कोपऱ्यात एक हिरवं वर्तुळ आहे, रंगाच्या बशीचं. घासून पुष्कळ पाहिलं. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

तेव्हा तुमची मागच्या आवारावर छप्पर घालायची तयारी चालली होती. एकीकडे कापायचं यंत्र, दुसरीकडे लाकडं, मधे सहा माणसं कामाला. तुझे बाबा कागदावर काही लिहायचे नाहीत, पण जमिनीवर खडूनं सगळं आखून ठेवलं होतं आणि आम्हाला त्या रेघांवर पाय द्यायची बंदी होती. यंत्रासाठी आखलेल्या चौकोनातून तुझी आई मुद्दाम पाण्याची बादली घेऊन जायची, आणि ते म्हणायचे, अगं भिंत आहे तिथे. तू दारावर लावायची पाटीसुद्धा करून ठेवलीस, सुंदर कडा काढून. अक्षरं मी घालायची होती. मी म्हटलं, आधी परवानगी येऊ दे, मग घालतो. कसला मेला शहाणा मी.

आता जरा कचेरीचं ऐक. हे तुला कधीच नीट सांगितलं नाही, कारण तू विचारायचास आणि मी मोठेपणा दाखवत, तुला नाही कळायचं ते, असं म्हणायचो. आत्ताची पोरं संगणकावर बोट ठेवतात आणि रंग भरतो. आम्ही नकाशा काढायचो ट्रेसिंगच्या कापडावर. गुळगुळीत, पलीकडचं दिसेल असं पातळ. पुढच्या बाजूनं शाईच्या रेघा. त्याच बाजूनं रंग भरला तर ओल्या कुंचल्यानं शाई फुटते, म्हणून कापड उलटं करायचं आणि रंग मागून द्यायचा. पुढून पाहिलं की तो रेघांखालून मऊ दिसतो. पण उलटं केलं की उजवं ते डावं होतं आणि पूर्व ती पश्चिम. आमचे मोठे आरेखक फार कडक. त्यांचा नियम होता, कापड उलटलं की आधी पेन्सिलनं कडेला ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ लिहायचं, मगच कुंचला हातात घ्यायचा. एक जण राखीव जागांची यादी मोठ्यानं वाचणार, दुसरा त्या त्या जागेवर फुली मारणार, आणि मग रंग. आणि एक रंग एकाच दिवसात संपवायचा, कारण दुसऱ्या दिवशी कालवलेला हिरवा पहिल्यासारखा कधीच येत नाही. त्या दिवशी बशीत हिरवा कालवून तयार होता, उन्हाळा होता, आणि तो कडेनं वाळायला लागला होता. मी घाईत होतो.

नकाशा लागला, लोक बघून गेले. तेव्हाही तीसच दिवस होते. विसाव्या दिवशी तुझे बाबा छपराच्या परवानगीचा अर्ज घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो शर्ट मी फक्त लग्नांमधे पाहिलेला. खिडकीवरच्या कारकुनानं नकाशा पाहिला आणि अर्ज परत दिला, जागा बागेत जाते म्हणाला. त्यांना आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग त्यांनी मला बोलवायला सांगितलं. आमचा मुलगा आहे आत, असं म्हणाले ते. मी आलो. त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आत जाऊन नकाशा पाहिला, यादी पाहिली, आणि बाहेर यायला मला बराच वेळ लागला. बाहेर येऊन मी सांगितलं की काका, हा वरच्या लोकांचा निर्णय आहे, आपल्या हातात काही नाही. ते म्हणाले, हरकत घेता येते असं भिंतीवर लिहिलंय. मी म्हटलं, नुसता सोपस्कार असतो तो, उगाच हेलपाटे होतील तुम्हाला. त्यांनी मान हलवली. अर्जाची नीट चार घड्यांची घडी केली आणि खिशात ठेवली. उलट मलाच म्हणाले, तू नको वाईट वाटून घेऊस. त्यांनी हरकत घेतली नाही.

पुढचं तुला माहीतच आहे, तुझ्यावरूनच गेलंय ते. तात्पुरतं छप्पर घातलंत, ते पाडायची नोटीस आली. उघड्यावरची लाकडं फुगली, चिरली. ज्यांनी वीस दारं सांगितली होती त्यांनी दुसरीकडे करून घेतली. सहा वर्षं तू जिवाच्या आकांतानं ओढलंस आणि मग परगावच्या कारखान्यात गेलास, दिवसभर एकसारखी दारं करायला. ज्या माणसानं एका फळ्याला तीन दिवस रंधा मारला तो माणूस. जाताना गाडीच्या पायरीवर उभा राहून तू म्हणालास, तू आत होतास म्हणून निदान बाबांना खरं काय ते सांगणारं कुणीतरी भेटलं. गाडी सुटली. मी परत येताना चुकून तुमच्या घराकडे वळलो, आणि काका दारात बसले होते म्हणून त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी आतून ती पाटी आणून माझ्या हातात दिली. म्हणाले, तुझ्याकडे राहू दे, इथे वाळवी लागेल. तुझी आई तर आधीच गेली होती; त्यानंतर ते चोवीस वर्षं त्याच पुढच्या खोलीत एकटे राहिले, खुर्च्यांचे मोडके पाय जोडून देत. तू बोलावलंस तरी गेले नाहीत. सकाळचा चहा आमच्याकडे घ्यायचे. रोज, रंध्या. रोज मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायलोय.

ते गेले तेव्हा तू आलास. त्याला आता अकरा वर्षं झाली. तुला आठवत असेल, मी तुझ्यापासून लांबच उभा होतो. नंतर तू कुणाकडे तरी म्हणालास म्हणे, पट्टीला माझ्यापेक्षा जास्त लागलंय, बोलताही येईना त्याला. तुझ्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत त्याचंही तू असंच काहीतरी चांगलं कारण काढलं असशील. चांगली कारणं काढायची तुम्हा बापलेकांना सवयच.

आता मूळ गोष्ट. यादी बरोबर होती. सतरावी नोंद, ‘बाग: गल्लीच्या पूर्वेकडील चार घरे व मागील मोकळी जागा’. पूर्वेकडे तुम्ही नाही, पूर्वेकडे आम्ही आहोत. त्या दिवशी रंग वाळायला लागला होता म्हणून मी कापड उलटल्यावर पेन्सिलनं दिशा लिहिल्या नाहीत. उजवीकडे पूर्व असते म्हणून उजवीकडे रंग भरला. तू म्हणशील, शहाण्या, स्वतःची गल्ली ओळखली नाहीस? नाही ओळखली. नकाशात आपली गल्ली बोटाच्या पेराएवढी असते, नाव नाही काही नाही, आणि उलट्या कापडावर अख्खं शहर अनोळखी दिसतं. सकाळपासून शंभर गल्ल्या झाल्या होत्या. यावर तू विश्वास ठेवला नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. ती चूक होती. पण तुझे बाबा बाहेर बाकावर बसले होते आणि मी आत यादी हातात घेऊन उभा होतो, तेव्हा मला कळलं, आणि तिथून पुढे चूक नव्हती. दहा दिवस बाकी होते. दुरुस्तीची चिठ्ठी लिहून मोठ्या आरेखकांपुढे ठेवायची होती, शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर नोकरी गेली असती. पण हिरवा उचलला की तो आमच्या घरावर येऊन बसणार होता. माझे वडील, अप्पा, नोकरी संपून नुकतेच घरी बसले होते, बहिणीचं लग्न ठरत होतं. हे सगळं मी दोन मिनिटांत मनात जुळवलं आणि बाहेर येऊन तुझ्या बाबांना वरच्या लोकांचा निर्णय सांगितला. वरचं कुणी नव्हतं. मीच होतो. त्या नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप आहे, यादी आणि नकाशा यांत फरक आढळल्यास नकाशा खरा धरावा. ती टीपसुद्धा माझ्याच अक्षरातली आहे.

इतकी वर्षं निभावलं, मग आता का सांगतोयस, असं तू विचारशील. गेल्या आठवड्यात नवा नकाशा पाहून झाल्यावर मी वर गेलो. तिथे एक अधिकारी बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार आणि बोलायला गोड. जुना कर्मचारी म्हणून मला बसवलं, चहा मागवला. म्हणाल्या, आजोबा, गंमत बघा, जुन्या यादीत या बागेपुढे चुकून पूर्व पडलंय, नकाशात पश्चिम आहे. यादी टाइप करणाऱ्याची चूक असणार. आम्ही नव्या यादीत ती दुरुस्त करून पश्चिम करतोय. त्यांनी पडद्यावर ते दाखवलं, माझं मत विचारलं. रंध्या, मला नुसतं हो म्हणायचं होतं. माझी चूक जगात एकाच कागदावर पकडता येत होती, आणि तो कागद आता आपण होऊन गप्प बसणार होता. मी हातातला कप खाली ठेवला. मी म्हटलं, बाई, यादीला हात लावू नका.

त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेखी जबाब दिला, दोन पानं, खाली सही. बाईंनी तो वाचला आणि फायलीला लावला. मग कामाचं बोलल्या. नव्या आराखड्यात बाग रद्दही होऊ शकते, कारण शाळेमागे मोठं मैदान झालंय. किंवा यादीप्रमाणे ती पूर्वेकडे, म्हणजे आमच्यावरही येऊ शकते. ते सुनावणीत ठरेल. घरी सांगितलं तेव्हा मुलगा भडकला, म्हणाला, बाबा, एवढी वर्षं थांबलात तर आणखी थोडी थांबायचं. त्याचं चूक नाही, त्याची दोन लेकरं याच घरात वाढतायत. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काकांना रोज चहा तीच करून द्यायची, त्याचं तिला जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं कपाटातून आपल्या घराची कागदपत्रं काढली, या फळ्यावर आणून ठेवली आणि म्हणाली, सुनावणीला ही पण लागतील.

तर पत्र लिहायचं कारण हे. नुसत्या माझ्या जबाबानं काही होत नाही, रंध्या. तो फक्त फायलीला जोडला जातो. हरकत जागेच्या मालकाची लागते, म्हणजे तुझी, आणि ती चार तारखेच्या आत कचेरीत पोचायला हवी. सोबत हरकतीचा अर्ज आहे. मी भरलाय, नकाशावर लिहायचो त्या अक्षरात, तुला ओळखू येईल. ‘कारण’ या रकान्यात लिहिलंय: आरेखकाने कापड उलटे असताना चुकीच्या बाजूला रंग भरला, आणि ते कळल्यावर हरकत घेण्यापासून माझ्या वडिलांना त्यानेच परावृत्त केले. सहीची जागा तेवढी रिकामी आहे. माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर सही करून परस्पर टपालानं पाठव, कचेरीचा पत्ता घातलेलं पाकीट आत आहे. मला शिव्या घालायच्या असतील तर मात्र स्वतः ये. तुझ्या बाबांनी एकदाही घातल्या नाहीत, त्या राहिल्यात. यातून काय व्हायचं ते होईल. तुझी जागा सुटेल, आमची जाईल, किंवा दोन्ही राहतील. पण एकेचाळीस वर्षांपूर्वी त्या बाकावर बसलेल्या माणसाला मी म्हटलं होतं की हरकत घेऊन काही उपयोग नाही. त्याच्या मुलाला हात जोडून सांगतो, हरकत घे. कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे. पाटीही आहे, पुसून ठेवलीय, वाळवी लागू दिलेली नाही. अजून कोरीच आहे.

तुझाच,
समोरच्या घरातला
पट्टी